ढोलकीच्या जागी रत्नदीप

बुद्धपौर्णिमेला महिना राहिला असताना ढोलकीवाले जोतीराममामा मोटरसायकलवरून पडले, हात प्लास्टरमध्ये गेला, आणि नागूबाईनं सांगून टाकलं, "ढोलकी न्हाय तर मी बी न्हाय."

नागूबाई म्हणजे रत्नदीपची मावशी. आई गेल्यापासून तिनंच त्याला वाढवलं, वर दहावी झाल्यावर गिटारही घेऊन दिली. वर्षातून एकदा ती विहारासमोर गाते, तेवढाच तिचा स्वतःचा दिवस. तो बुडणार म्हटल्यावर रत्नदीपचा जीव कासावीस झाला. मावशीसाठी आजवर आपण काय केलं, तर काहीच नाही. त्यानं मोबाईल पालथा घातला आणि त्याला ब्लूग्रास सापडलं.

"मावशे, अमेरिकेतल्या डोंगरातली गाणी हायत ही. तितं ढोलकी नसतीच. गिटारच ठेका धरती. जाड तारेवर धुम, बारीक तारांवर छक."

"का? तितं ढोलकी मिळत न्हाय व्हय?"

"नसंल मिळत."

"मग जोतीरामची पाठवून दे की. पडूनच हाय."

पण तयार झाली. मग काय, सकाळ-संध्याकाळ धुम-छक, धुम-छक. शेजारची तेजश्री दारात येऊन म्हणाली, "दादा, कणीक तिंबून झाली की सांगा, मला अभ्यासाला बसायचंय."

अडचण वेगळीच होती. मावशी कुठल्याही सुरात सुरू करायची. सकाळी खाली, चहा झाला की वर. म्हणून रत्नदीपनं गिटारच्या मानेला लावायचा, तारा दाबून धरणारा चिमटा मागवला. तो सरकवला की गिटार मावशीच्या सुरात. मावशीला चिमटा आवडला. जरा जास्तच आवडला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी चिमटा गायब.

"मावशे, चिमटा कुटंय?"

"त्यो व्हय? शेंगाचटणीच्या पिशवीला लावलाय. लई घट्ट बसतोय, कण सांडत न्हाय."

"आन् पिशवी?"

"सतीशला दिली की."

सतीशमामा, मावशीचा भाऊ, दुपारीच अक्कलकोटला गेलेला. रत्नदीपनं फोन लावला तर तिकडून आवाज आला, "चिमटा लई भारी हाय रं. ताईला थँक्यू सांग."

शेवटी तेजश्रीनं पेन्सिल दिली, केसांचं रबर दिलं. पेन्सिल तारांवर आडवी ठेवून रबरानं आवळली आणि रत्नदीप घाम पुसत स्टेजवर चढला.

एवढी माणसं बघून मावशीला चेव आला. तिनं ठरल्यापेक्षा कितीतरी वर सूर लावला. रत्नदीपनं वाजवता वाजवता पेन्सिल पुढं ढकलली आणि ती कटकन मोडली. जाड तार नातेपुत्याला, बारीक तार सांगोल्याला. मावशीनं वळून असं बघितलं, जसं दूध उतू गेल्यावर बघते. तिचा आवाज अडखळला. आता ही माईक ठेवणार, हे रत्नदीपला दिसलंच.

त्यानं घाबरून डावा पंजा सगळ्या तारांवर दाबला, म्हणजे निदान गप्प तरी बसतील. पण उजव्या हाताला महिन्याभराची सवय, तो थांबेना. धप-छक, धप-छक. सूर नाही, बीर नाही, नुसता ठेका.

आणि मावशीचा आवाज उठला. मोकळा, खणखणीत. पहिल्या रांगेतले जोतीराममामा प्लास्टरचाच हात खुर्चीवर आपटायला लागले. एक गाणं ठरलेलं, पण लोक तिला खाली उतरू देईनात.

कार्यक्रम संपल्यावर रत्नदीप मान खाली घालून म्हणाला, "मावशे, सूरच लागला न्हाय गं."

"सूर माजा हाय की. तुला कुणी मागितला? महिनाभर तुज्या वाजवण्यात माजं मलाच ऐकू येत नव्हतं. आज आलं." तिनं त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "तू नसतास तर आज घरात बसले असते मी. लई केलंस बाळा."

हे सगळं खरं तर त्याला तिला म्हणायचं होतं. त्यानं तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून ती तिच्यापुढं धरली.

तेवढ्यात जोतीराममामा आले. रत्नदीप घाईघाईनं म्हणाला, "मामा, हात बरा झाला की तुमची जागा तुमचीच."

"ती हायच," मामा म्हणाले. त्यांनी गिटारवर बोटानं टकटक केलं आणि कान लावला. "पण उद्या हे घरी घेऊन ये. ढोलकीला लावतो तशी थोडी शाई लावून देतो. अजून चांगलं वाजंल."