हुबेहूब कप्तान

"आज संध्याकाळच्या आत बाबांच्या तोंडून 'हे खरं!' एवढे दोन शब्द काढून दाखवतो की नाही बघ!" अशी गर्जना जावयाने दिवाणखान्याच्या मधोमध, कंबरेवर हात ठेवून केली. बायको त्या वेळी त्याच्या पायांना वळसा घालून फरशी पुसत होती.

"दोन?" ती म्हणाली. "तुम्ही मला मागणी घातलीत तेव्हा त्यांनी एकच काढला होता. तोही 'बरं' असा. पाय उचला."

जावयाने पाय उचलले. हात मात्र होते तिथेच राहिले.

जावई एका कंपनीत फुटबॉलचा व्हिडिओ गेम तपासायला होता. गेम सोपा, मध्यम आणि कठीण असा तीन तऱ्हांनी खेळता येई. आता 'वास्तव' नावाची चौथी पातळी यायची होती, आणि ती किती अवघड ठेवली म्हणजे खऱ्या सामन्यासारखी वाटेल, हे जावयाने ठरवायचं होतं. साहेबांची अट एकच. फुटबॉलमध्ये आयुष्य घालवलेल्या कुणीतरी ती बघून 'हे खरं' म्हणायला हवं, आणि तेही आजच. नाहीतर काम शेजारच्या टेबलवाल्याकडे जाणार, कारण त्याचे काका कुठल्याशा क्लबचे माजी गोलकीपर होते.

जावयाचे सासरे फुटबॉलचे निवृत्त पंच होते. मैदानावर त्यांना सगळे वचकून असत आणि घरी जावई. "जावई काय करतात?" असं कुणी विचारलं की सासरे आवाज खाली आणून म्हणत, "खेळतात. पगारी." एखाद्याला जुनाट दुखणं असल्याचं सांगावं, तसं!

सासरे आले ते गळ्यात शिट्टी अडकवून आणि पायांत मैदानाचे बूट घालूनच.

"बसा ना, बाबा."

"पंच बसून बघत नाही. सुरू करा."

जावयाने रिमोट हातात घेतला. या गेममध्ये आपल्या हाती फक्त कप्तान असतो, बाकीचे आपापलं खेळतात. सुरुवात सोप्या पातळीपासून झाली. जावयाच्या कप्तानाने मध्यंतराच्या आतच गोलांची रास घातली! जावयाने अभिमानाने मागे वळून पाहिलं.

"हा सामना मी जागच्या जागी थांबवला असता," सासरे म्हणाले, "आणि त्या गोलकीपरला हे कुणी शिकवलं, याची चौकशी लावली असती."

मग कठीण पातळी. समोरचा संघ असा खेळू लागला, की चेंडू जणू दोऱ्यात ओवून ठेवलाय.

"ही माणसं आहेत की शिवणयंत्रं?" सासरे कडाडले. "एकाच्याही बुटाची नाडी सुटत नाही? एकही जण पंचाला शिव्या देत नाही? अहो, मैदानावर मी माझं स्वतःचं नाव विसरलो होतो, इतक्या निराळ्या नावांनी मला हाक मारायचे!"

जावयाने 'वास्तव' पातळीचं सेटिंग उघडलं. चुका वाढवल्या, दम कमी केला, राग वर चढवला. खेळाडू एकमेकांवर आदळू लागले. एकाने चेंडू सोडून स्वतःच्याच गड्याला लाथ घातली.

"जरा बरं आहे," सासरे म्हणाले. जावयाला स्वर्ग दोन बोटं उरला!

तेवढ्यात कप्तानाला कुणीतरी मागून आडवं केलं, आणि पडद्यावरचा पंच चक्क आभाळाकडे बघत पुढे निघून गेला.

सासऱ्यांच्या नसानसांतला पंच जागा झाला. त्यांनी शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. खिडकीच्या काचा थरथरल्या!

"फाउल! थांबव! ऐकू येत नाही का त्याला?"

"बाबा, तो टीव्हीत आहे!"

"म्हणून काय कान घरी ठेवून यायचं?" आणि सासऱ्यांनी आणखी दोनदा फुंकली, पहिलीहून लांब.

आता झालं होतं असं, की तीन लांब शिट्ट्या म्हणजे इमारतीला आग, सगळ्यांनी जिन्याने खाली उतरायचं, असा ठराव रहिवाशांच्या मागच्याच सभेत झाला होता. ठराव मांडणारा होता जावई. "एकदा तरी सराव व्हायला हवा," असंही त्यानेच म्हटलं होतं.

जिन्यात धडधड सुरू झाली. जावयाने हातातला रिमोट सोफ्यावर फेकला आणि बायकोमागोमाग खाली धावला.

खाली सगळी इमारत हजर होती. कुणाच्या काखेत उशी, कुणाच्या हातात मासे असलेली काचेची बरणी. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पेशंटसकट उतरले होते, आणि पेशंटचा आ अजून मिटला नव्हता.

"आग कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आग नाही," जावई म्हणाला.

"मग शिट्टी?"

"फाउल होता."

"कुणाचा?"

"आमच्या कप्तानाला मागून पाडलं."

"आणि हा सभेत मोठमोठ्याने बोलतो!" मागून कुणीतरी म्हणालं.

पुढचं सगळं बायकोने निस्तरलं. तिने माफी मागितली, तळमजल्यावरच्या आजोबांना त्यांची काठी शोधून दिली, माशांना लिफ्टमध्ये घातलं, पेशंटला खुर्चीकडे परत धाडलं. जावई फाटकाजवळ मधोमध, कंबरेवर हात ठेवून उभा होता. लोक त्याला वळसा घालून वर जात होते.

आता सासरे खवळलेले असणार, आपलं काम गेलं शेजारच्या टेबलावर, असा विचार करत तो घरात शिरला. सासरे चक्क बसले होते!

"श्श!" त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "जावईबापू, हे खरं!"

जावयाने पडद्याकडे पाहिलं. सामना चालूच होता. ज्याला हलवायला कुणी नव्हतं, तो कप्तान मैदानाच्या मधोमध कंबरेवर हात ठेवून उभा होता. चेंडू शेजारून गेला. कप्तानाने मान वळवून तो जाताना पाहिला.

"काय कप्तान उभा केलाय!" सासरे म्हणाले. "बाकीचे धापा टाकतायत, हा बघतोय. आणि तोरा असा, की सगळं याच्याच जिवावर चाललंय! कसं हो साधलंत?"

जावयाने सोफ्यावरचा रिमोट कोपराने हळूच उशीखाली सारला.

"मेहनत आहे, बाबा."

"दिसतेच आहे."

सासऱ्यांनी स्वतः फोनवर साहेबांना बजावलं, "बाकी काय हवं ते करा, त्या कप्तानाला हात लावू नका!" काम पक्कं झालं. मग त्यांनी जावयाचा हात हातात घेतला. "तुमचं काम काय असतं, ते मला आज कळलं." जावयाची छाती शर्टाच्या गुंड्यांना झेपेना!

दारापाशी मात्र सासरे घुटमळले.

"एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. असा माणूस मी अगदी जवळून पाहिलाय. कुठल्या मैदानावर, तेवढं आठवत नाही."

बायको त्यांच्या बुटांचे ठसे पुसत तिथवर आली होती.

"आठवेल, बाबा," ती म्हणाली. "त्याच्याच तर गळ्यात बांधलंत तुम्ही मला."

जावई खो खो हसला. मग आपले हात कुठे आहेत, हे त्याच्या लक्षात आलं.

"पाय उचला," बायको म्हणाली.