सासरेबुवांचा रुपेरी ब्रश

उबाल्दो ब्रेसानने त्या सकाळी ठरवलं ते एवढंच, की आज फक्त एकदा सासऱ्यांच्या ब्रशने दाढी करायची. ('फक्त एकदा' हे शब्द ऐकून पाणीखात्यातल्या त्याच्यासारख्या कारकुनाने तरी सावध व्हायला हवं होतं. नळ कधी फक्त एकदा गळत नाही.)

सासरे, म्हणजे अमिल्कारे, निवृत्त स्टेशनमास्तर. सासूबाई गेल्यावर ते आपलं सामान घेऊन कासालेला लेकीकडे, म्हणजे उबाल्दोच्या बायकोकडे, नोरीनाकडे, राहायला आले आणि बाथरूमच्या काचेच्या फळीवर त्यांचा दाढीचा ब्रश विराजमान झाला. हाडाची पिवळसर मूठ आणि वर बॅजर ह्या पट्टेरी तोंडाच्या रानप्राण्याचे केस. बुडाशी फिकट, मध्ये काळा पट्टा आणि टोकं चांदीसारखी पांढरीशुभ्र. लग्नात सासूबाईंनी दिलेला. त्याला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती. नोरीना फळी पुसायची तीसुद्धा ब्रशच्या भोवतीनं.

उबाल्दोचा स्वतःचा ब्रश डुकराच्या केसांचा होता. त्याने दाढी करणं म्हणजे खराट्याने अंगण झाडणं, फक्त अंगण म्हणजे आपलेच गाल. त्यामुळे गुडघ्यांना गरम चिखलाचे लेप लावून घ्यायला सासरे आक्वीच्या गरम झऱ्यांवर गेले (ब्रश घरीच ठेवून, तिथल्या सार्वजनिक बाथरूममध्ये तो नेणं त्यांना लेकीला बाजारात एकटं सोडण्यासारखं वाटे, आणि शिवाय हॉटेलात न्हावी होता), तेव्हा उबाल्दोने दार लावलं, कडी घातली आणि तो ब्रश साबणावर फिरवला.

काय सांगावं! गालावरून ढग गेला. उबाल्दो आरशासमोर डोळे मिटून उभा राहिला तो इतका वेळ, की नोरीनाने दार वाजवलं.

"अरे, बरा आहेस ना?"

"दाढी करतोय!"

"मग उसासे कसले टाकतोयस?"

त्यानंतर तो रोजच 'फक्त एकदा' करू लागला. ऑफिसात लोक म्हणाले, ब्रेसान, चेहऱ्यावर तेज आलंय. तो नुसता हसायचा.

सासरे शनिवारी दुपारच्या गाडीने परत यायचे होते. शनिवारी सकाळी उबाल्दोने शेवटची दाढी केली, अगदी निरोपाची, सावकाश. मग लक्षात आलं, ब्रश ओलाचिंब. सासऱ्यांना ओला ब्रश दिसला की संपलं. नोरीना बाजारात गेलेली. त्याने स्वयंपाकघरातला गॅस बारीक पेटवला आणि ब्रश उलटा धरून वरून फिरवू लागला. तेवढ्यात शेजारच्या शेगडीवरचं दूध उतू जायला लागलं. उबाल्दोने उजव्या हाताने दूध वाचवलं.

ब्रश डाव्या हातात होता.

आधी चर्र झालं. मग जो वास सुटला तो थेट खाटकाच्या दुकानात मुंडी भाजताना सुटतो तसा. त्याने ब्रश झटकन मागे घेतला आणि पाहिलं, तर एका बाजूची रुपेरी टोकं गेलेली आणि त्यांच्या जागी तपकिरी गुठळ्या. बोट लावलं तर झुबकाच हातात आला. उबाल्दो मटकन स्टुलावर बसला. सासूबाईंचा फोटो भिंतीवरून त्याच्याकडे बघत होता आणि त्याला शपथेवर सांगता आलं असतं की रोज तो असा बघत नसे.

चौकातल्या कमानींखाली दाढीच्या सामानाचं जुनं दुकान होतं. तो टोपी न घालताच धावला. दुकानाच्या मालकीणबाईंनी जळका ब्रश पाहून छातीवर हात ठेवला.

"हे कोणी केलं?"

"एका मित्राने," उबाल्दो म्हणाला. "मला तस्साच हवाय. बॅजरचा."

"बॅजरचा कुठला?"

"कुठला म्हणजे? बॅजर म्हणजे बॅजर!"

बाईंनी काउंटरवर ओळीने ब्रश मांडले. हा साधा, पोटाकडच्या केसांचा, करडा, जरा टोचतो. हा त्याहून बरा. हा पाठीचा, लांब केसांचा. आणि तुमच्या मित्राने जाळलेला तो मानेकडच्या निवडक केसांचा, रुपेरी टोकांचा.

"पण प्राणी एकच ना?"

"प्राणी एकच. तुमच्या डोक्यावरचे केस आणि नाकातले केस सारखे आहेत का?" बाईंनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं, डोक्याचं राहू द्या."

रुपेरीची किंमत ऐकून उबाल्दोला आधी वाटलं की बाई सायकलबद्दल बोलताहेत. शिवाय तो दुकानात नव्हता, तूरीनहून मागवावा लागणार, आठवडा लागणार. आणि गाडी तर दुपारची!

बाहेर चौकात शनिवारचा बाजार भरला होता. मोजे, उंदरांचे सापळे आणि कंगवे विकणाऱ्या एका माणसाकडे दाढीचे ब्रशही होते. फिकट बूड, मध्ये काळा पट्टा, पांढरी टोकं. हुबेहूब!

"खरा बॅजर आहे ना हा?"

"साहेब," विक्रेता गहिवरून म्हणाला, "ह्याच्या आईला मी ओळखत होतो."

किंमत उंदराच्या सापळ्यापेक्षाही कमी होती. (इथे एखाद्याला शंका आली असती. उबाल्दोला आनंद झाला.) घरी येऊन त्याने नव्या ब्रशच्या केसांचा जुडगा उपटला, जुन्या हाडाच्या मुठीत सरस ओतून तो बसवला आणि सासरे दारात यायच्या आत ब्रश फळीवर ठेवला. दुरून पाहिलं तर स्वतःच फसला.

सासरे आले ते शीळ घालत. गुडघे तर बरे झालेच होते, पण खरी बातमी वेगळीच होती.

"उद्या जेवायला पाहुणी येणार आहे," ते मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. "एर्सीलिया. आक्वीला शेजारच्याच चिखलात होती."

नोरीनाच्या हातातली पळी पडली. "बाबा! ह्या वयात?"

"वय गुडघ्यांचं होतं. ते उतरलं."

रविवारी सकाळी सासरे बाथरूममध्ये शिरले. उबाल्दो पेपर उलटा धरून दाराबाहेर उभा. आतून गाणं ऐकू येत होतं, पाण्याचा आवाज, साबण घोळल्याचा आवाज. गाणं चालू होतं म्हणजे सगळं ठीक होतं. उबाल्दोने सुटकेचा श्वास सोडला.

गाणं थांबलं.

"नोरीना!" आतून आवाज आला. "माझा चष्मा कुठाय? आरशात कोणीतरी आहे!"

दार उघडलं. नोरीना किंचाळली आणि तिने छातीवर क्रूस काढला. सासऱ्यांचा चेहरा फेसाने पांढराशुभ्र होता आणि त्यावर डोळ्यांच्या कडांपासून थेट हनुवटीपर्यंत दोन रुंद काळेभोर पट्टे. रानातून एखादा बॅजर उठून, बनियन घालून, खांद्यावर टॉवेल टाकून दारात यावा, अगदी तसे. हातातल्या ब्रशचा काळा पट्टा साफ गेला होता. उरले होते ते डुकराचे पांढरे राठ केस आणि त्यातलेही अर्धे सासऱ्यांच्या गालावर.

"हा माझा ब्रश नाही," सासरे अगदी हळू म्हणाले. स्टेशनमास्तर हळू बोलतो तेव्हा गाडी रुळांवरून घसरलेली असते. "जावईबापू?"

उबाल्दोने सगळं सांगितलं. दूध, गॅस, सापळेवाला, सगळं. नोरीनाने गरम पाणी आणलं, साबण आणला, खरखरीत फडकं आणलं. फेस गेला, पट्टे जाईनात. घासून घासून सासऱ्यांचे गाल टोमॅटोसारखे लाल झाले आणि त्या लालवर काळं आणखीच खुलून दिसू लागलं.

"तिला निरोप पाठव, मी मेलो म्हणून," सासरे पलंगावर भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "तिच्यापुढे असा जाऊ? इतक्या वर्षांनी कोणीतरी येतंय माझ्यासाठी."

उबाल्दोला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

बेल वाजली. दारात एर्सीलिया उभी. गुटगुटीत, निळी टोपी, हातात मिठाईचा पुडा. नोरीनाने काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, पण एर्सीलिया उघड्या दारातून सरळ खोलीत जाऊन पोचलीसुद्धा. सासरे वळले.

उबाल्दोने डोळे गच्च मिटले.

मग जे ऐकू आलं ते हसणं होतं. एर्सीलिया हसता हसता खुर्चीवर बसली, पुडा मांडीवरून घसरला, टोपी कानावर आली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"अहो, काय हे! माझा नवरा सरकारी वकील होता," ती धापा टाकत म्हणाली. "उभ्या जन्मात त्याने मला एकदा हसवलं नाही हो!"

सासऱ्यांनी हळूच पांघरूण खाली केलं. "आणखी हसायचं असेल तर डाव्या बाजूनेही बघा," ते म्हणाले.

एर्सीलियाने ऑलिव्ह तेल मागवलं, कापूस मागवला आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसून सासऱ्यांचा एक एक गाल पुसला. फार वेळ लागला. दोघांपैकी कोणाचीच तक्रार नव्हती.

उबाल्दोची मात्र सुटका नव्हती. जेवणाच्या टेबलावर सर्वांसमक्ष सासऱ्यांनी त्याच्याकडून दोन शपथा घेतल्या. एक, तूरीनहून खरा रुपेरी टोकांचा ब्रश आणून देईन. दोन, बॅजरच्या ब्रशला जन्मात पुन्हा हात लावणार नाही. त्याने दोन्ही घेतल्या. ब्रश आला तेव्हा उबाल्दोने नोरीनाला किंमत सांगितली ती निम्म्याच्याही निम्मी, आणि सायकल विकून त्याच दिवसापासून ऑफिसात पायी जायला लागला. (डॉक्टरांनी सांगितलंय, असं त्याने घरी सांगितलं.)

पण इकडे गाल सोलपटल्यामुळे सासऱ्यांना दाढी करता येईना, आणि जी पांढरी दाढी वाढली ती एर्सीलियाला भयंकर आवडली. आता सासरे दाढी करायचंच नाव काढेनात. नव्या ब्रशचा पुडा त्यांनी न उघडताच नोरीनाकडे सरकवला.

"तुझ्याकडे ठेव. ह्याच्या हाती लागू देऊ नकोस."

महिन्याभराने एका रविवारी सासऱ्यांचा आणि एर्सीलियाचा साखरपुडा होता. उबाल्दो स्वयंपाकघरात डोकावला. नोरीना जर्दाळूच्या मुरंब्याच्या क्रोस्टाटावर, म्हणजे भट्टीत भाजायच्या गोड पोळीवर, वरच्या पिठाच्या जाळीला, अंड्याचा पिवळा बलक लावत होती. ब्रशने. हळुवार, गोल गोल. चांदीसारखी टोकं पिवळीधमक झाली होती.

"नोरीना!" तो दाराला धरून म्हणाला. "तो... तो..."

"किती मऊ आहे रे!" ती खुशीत म्हणाली. "पीठ जराही फाटत नाही. चांगला उकळून घेतलाय. बाबांना नको, तू शपथ घेतलेली. म्हटलं, वाया कशाला घालवा? फार महागाचा नव्हता ना?"

उबाल्दोने दारावरचा हात काढला.

"छे," तो म्हणाला.

क्रोस्टाटा सुंदर झाली होती, सगळ्यांनी तसं बोलून दाखवलं. उबाल्दोने दोन तुकडे खाल्ले. दुसऱ्याच्या वेळी दातात काहीतरी अडकलं. त्याने ते हळूच काढून खिडकीच्या उजेडात धरलं. बुडाशी फिकट, मध्ये काळं, टोक रुपेरी. उकळून, भाजून, चावूनसुद्धा रंग जराही उतरला नव्हता.