कुणाच्या मागं जायचं नाही!

चौऱ्याहत्तर सालच्या गल्लीच्या गणपतीत सोलापूर हादरवून सोडणारं गाणं म्हणायचं मी ठरवलं होतं. सोलापूर हादरलं, यात वाद नाही!

त्याचं असं झालं. आमच्या वरच्या खोलीत कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक भाड्यानं राहायचे. त्यांच्याकडे अमेरिकेतल्या केसाळ गवयांच्या तबकड्या होत्या. तबकडी लावून ते अर्थ सांगायचे, "सिद्धाराम, हे तत्त्वज्ञान शंभर वर्षांपूर्वीचं आहे! जगाची नक्कल करू नका, स्वतःच्या मनाचा कौल घ्या. आता ते गिटारवर आलंय, एवढंच." मला ते इतकं पटलं, की त्याच दिवशी मी बायकोला, गुरम्माला, ठणकावून सांगितलं, "आजपासून मी कुणावर अवलंबून नाही!"

"बरं," ती म्हणाली. "मग चहा तुमीच करून घ्या की."

चहा राहिला. गाणं मात्र मी स्वतः रचलं: 'माझी वाट मीच शोधीन, कुणाच्या मागं जाणार नाही!'

गणपतीला वळसंगहून माझे सासरे, विरुपाक्षमामा, येणार होते. सोलापुरात त्यांचं चादरींचं दुकान होतं. आता गुडघे थकले होते आणि दुकान कुणाच्या हवाली करायचं, हे त्यांना ठरवायचं होतं. जावई स्वतःच्या हिमतीवर काही करतो का, तेवढंच ते बघणार होते. मला तर ते दुकान स्वप्नात दिसायचं!

साथीला मठातलं भजनी मंडळ घेतलं. (एकट्यानं चालायचं गाणं असलं, तरी पेटी-ढोलकी लागतेच.) पण त्यांची खोड भजनाची! मी ओळ म्हणावी आणि आठ जणांनी ती तशीच उचलावी. मी 'कुणाच्या मागं जाणार नाही' म्हटलं, की आठही जण माझ्या मागं, 'जाणार नाऽऽही!' मी वैतागलो. तीन दिवस त्यांना शिकवलं, "अहो, उचलू नका! प्रत्येकानं आपापल्या मनाला विचारा!"

ढोलकीवाला चन्नवीर विचारात पडला. "आपल्या मनाला?"

"व्हय! माझ्याकडं बघूच नका!"

कार्यक्रमात त्यांनी खरंच बघितलं नाही. चन्नवीरचं मन लावणीत रमलेलं निघालं. पेटीवाल्या शिवप्पांच्या मनानं भूपाळी काढली, तीही अगदी सावकाश. एकाच्या मनात आरती आली, तेव्हा पहिल्या तीन रांगा हात जोडून उभ्या राहिल्या!

"अहो, माझ्या मागं या!" मी ओरडलो.

"न्हाय येणार!" पेटी न थांबवता शिवप्पा म्हणाले. "तुमीच शिकिवलं की!"

मामांनी कानांवर हात ठेवले. गेलं दुकान! तेवढ्यात गुरम्मा पदर खोचून स्टेजवर चढली. "निल्लिसि!" अशी कानडीत गरजली. सगळे गपकन थांबले. तिनं टाळ उचलले आणि मठातलं रोजचं भजन सुरू केलं. पहिल्या ओळीला आठही जण तिच्या मागं! दुसऱ्या ओळीला सगळा मांडव! तिसऱ्या ओळीला मीही टाळ्या वाजवत होतो.

कार्यक्रम संपल्यावर मामांनी मला जवळ बसवलं. "जावईबापू, गाणं लई खरं हाय बगा. पण तुमच्या मागं कोण येत न्हाय. दुकान गुरम्माच्या हवाली करतो."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हल्ली मी त्याच दुकानात असतो आणि तिथं अगदी स्वतःच्या मनानं वागतो! मन काय म्हणतंय, तेवढं आधी गुरम्माला विचारून घेतो.