किरिशिमा की हायासे?

"आज स्केटिंगचं नाव काढायचं नाही," चिकागेने आईवडिलांना पुन्हा बजावलं. तिच्या तोमोनारीचे आईवडील, ओनोदेरा दांपत्य, त्याला घेऊन लग्नाचं ठरवायला सेंदाईला त्यांच्या घरी येत होते. नववर्षाला स्केटिंगच्या वादावरूनच तिचे काका भरल्या ताटावरून उठून गेले होते.

पाहुणे आले. तांदळाची मोची मिठाई खाऊन झाली, चहा झाला. सगळं सुरळीत चाललेलं असताना ओनोदेरांनी सहज विचारलं, "इथल्या बर्फाच्या रिंकसमोर एका स्केटरचा पुतळा उभारणार आहेत म्हणे. कुणाचा?"

चिकागेने डोळे मिटले.

"किरिशिमाचा!" वडील यासुताका म्हणाले.

"हायासेचा!" त्याच क्षणी आई मित्सुए म्हणाली.

"अगं, किरिशिमाच्या आधी मुलगे बर्फावर पाय ठेवायला लाजायचे. आज रिंकवर पोरांची झुंबड आहे ती त्याच्यामुळे. तुझ्या हायासेने मागे काय ठेवलं? चार गिरक्या? त्या भोवराही घेतो!"

"अहो, भूकंपात रिंक मोडलं, तेव्हा गावोगाव कार्यक्रम करून हायासेनेच ते उभं केलं. नाहीतर तुमची पोरं काय भातखाचरात घसरली असती?"

"पण किरिशिमाचं ते एका पायावरचं वळण! आजही शिकवतात. थांबा, दाखवतोच."

"बाबा, नको!"

पण बाबा उठले होते. मोज्यातला पाय गुळगुळीत फरशीवर असा काही सुटला, की यासुताका कागदी सरकतं दार फोडून अर्धे पलीकडच्या खोलीत गेले.

पलीकडून आवाज आला, "किरिशिमा पडत नसे, बरं का."

चिकागेच्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं सगळं, तिला वाटलं. तोमोनारी खाली मान घालून बसला.

तेवढ्यात ओनोदेराबाई नवऱ्याला म्हणाल्या, "बघा! अगदी तुमच्यासारखेच."

ओनोदेरांनी खाली वाकून माफी मागितली. "चूक माझीच. मी किरिशिमाचा, ही हायासेची. परवाच आमच्याकडे या भांडणात फुलदाणी गेली. इथे विषय काढायचा नाही असं गाडीत ठरलं होतं. पण मला राहवलं नाही हो!"

मित्सुए लगेच ओनोदेराबाईंच्या शेजारी जाऊन बसली. यासुताकांना ओनोदेरांनी स्वतः ओढून बाहेर काढलं. दोन्ही फळ्या तयार झाल्या आणि सगळे तोमोनारीकडे वळले.

"तू कुणाचा रे?"

"मी..." तोमोनारीने चिकागेकडे पाहिलं. "मी बेसबॉल बघतो."

दार फुटल्यावरही हादरले नव्हते एवढे चौघे हादरले. चिकागेने त्याचा हात घट्ट धरला.

"बरं झालं की," शेवटी मित्सुए म्हणाली. "आपल्यात एक तरी पंच हवाच होता."