वरपक्षाच्या नऊवाऱ्या

“ही साडी?” खंडेराव ओरडले. “अगं, हा पायजमा हाय पायजमा! हिला चेन हाय, हूक हाय, कमरेला नाडी हाय.”

“शिवलेली नऊवारी म्हणतात हिला,” उज्वलाबाई आरशासमोरून हलल्या नाहीत. “टीव्हीवर नाचणाऱ्या मुली नाय का घालत? आता फॅशनच हाय.”

फॅशन होती हे खरंच. नाचताना सुटू नये म्हणून गॅदरिंगच्या मुलींसाठी अशी नऊवारी शिवून घ्यायची पद्धत होती. पण टीव्हीवर नाचाच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि ती स्टेजवरून उतरून आधी हळदीत, मग बारशात, मग थेट बँकेतल्या हळदीकुंकवात शिरली. सिन्नरच्या गोटीराम टेलरने तर पँट शिवणंच सोडून दिलं होतं. मुलाच्या, मयूरच्या साखरपुड्यासाठी उज्वलाबाईंनी त्याच्याकडून चार नऊवाऱ्या शिवून घेतल्या. एक स्वतःला, एक नणंद अक्काबाईंना आणि दोन चुलत जावांना. सगळ्या जांभळ्या, हिरव्या काठाच्या, वर चमचमता कमरपट्टा.

“नाशकात आपण उठून दिसलं पाहिजे,” अक्काबाई म्हणाल्या.

“दिसाल ना. तमाशाच्या फडावरच्या दिसतात तशा,” खंडेराव म्हणाले आणि फेटा सावरत जीपमध्ये जाऊन बसले.

नाशिकच्या मंगल कार्यालयात दोन हॉल होते, एक खाली, एक वर. गेटवर ही गर्दी. “तुम्ही व्हा पुढं, आम्ही फळांच्या करंड्या घेऊन येतो,” असं म्हणून खंडेरावांनी बायकांना उतरवलं.

जिन्यापाशी छातीवर बिल्ला लावलेल्या एक बाई उभ्या होत्या. चार जांभळ्या नऊवाऱ्या पाहताच त्यांनी विचारलं, “वर ना?”

“हो, वर,” उज्वलाबाई ताठ मानेने म्हणाल्या. “आम्ही वराकडच्याच.”

“मग वरच जा. लवकर! तुमचीच वाट बघतायत.”

वर गेल्या गेल्या चहा आला, गरम वडा आला. मग एका मुलीने चौघींच्या पदराला नंबर टाचले.

“नंबर कशाला गं?” धाकट्या जावेने विचारलं.

“पंगतीचा असंल,” अक्काबाई म्हणाल्या. “शिकलेली माणसं हायेत. समदं शिस्तीत.”

इकडे खालच्या हॉलच्या दारात नवरीमुलीचे, म्हणजे मीनाचे मामा, नाथामामा, गुलाबपाणी घेऊन उभे होते. ते सकाळीच कळवणहून आले होते. मुलाकडच्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात पेठच्या कॉलेजच्या ललितामॅडम चार मुलींना घेऊन आत आल्या. सगळ्यांच्या अंगावर साध्या सुती साड्या. नाचाचे कपडे पिशव्यांत होते, ते इथेच बदलायचे होते.

“या, या! किती उशीर?” म्हणत मामांनी गुलाबपाणी शिंपडलं, गजरे दिले, हातात नारळ दिला आणि पाचही जणींना पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर नेऊन बसवलं.

“यंदा संयोजक फारच सुधारलेत,” ललितामॅडम मुलींना हळूच म्हणाल्या. “मागच्या वर्षी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.”

खंडेराव करंडी घेऊन आत आले आणि सोफ्याकडे बघतच राहिले. “मामा, ह्या कोण?”

“मला काय विचारता? तुमच्याच की! ह्या आमच्या विहीणबाई...”

“विहीणबाई?” ललितामॅडम नारळासकट उठल्या. “अहो, माझं अजून लग्न व्हायचंय!”

भटजींनी घड्याळ पाहिलं. “मुहूर्त टळतोय. वराची आई कुठंय?”

नेमका तेव्हाच डोक्यावर ढोलकीचा ठेका सुरू झाला. “अगंबाई, आमची स्पर्धा!” ललितामॅडम किंचाळल्या. खंडेरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हातातल्या करंडीसकट ते जिना चढत सुटले.

वर पडदा उघडला होता. समोर बायकांनी गच्च भरलेला हॉल टाळ्या वाजवत होता. उज्वलाबाईंनी आधी हात जोडले. मग विंगेतून कुणीतरी “नाचा ना, नाचा!” म्हणालं, तेव्हा अक्काबाईंनी “ह्यांच्यात अशीच रीत दिसती” म्हणून भावजयीचे हात धरले आणि फुगडी सुरू केली. शिवलेली नऊवारी फुगडीला किती सोयीची असते हे तिथे चौघींनाही कळलं. त्या थांबेचनात.

“अगं ए!” खंडेराव स्टेजवर घुसले. “खाली सून पाटावर बसली अन् सासू हितं फुगड्या घालती!”

हॉलमध्ये हशा उसळला. “सोंगाड्या झकास आहे!” कुणीतरी म्हणालं.

“अहो, मुलीकडच्यांनीच तर स्वागत मांडलंय ना?” उज्वलाबाई गरगर फिरत म्हणाल्या.

“कसलं स्वागत! स्पर्धा हाय ही, स्पर्धा!”

पुन्हा टाळ्या. खंडेराव जितके चिडत, तितका हॉल हसत होता. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, तशी करंडी कलंडली आणि सफरचंदं स्टेजभर घरंगळली. ती धरायला अक्काबाई धावल्या, तेव्हा तर लोक उभे राहून शिट्ट्या मारू लागले.

साखरपुडा झाला, मुहूर्त जरासा हुकला एवढंच. ललितामॅडम नारळ परत देऊ लागल्या, तर मुलीच्या आईने तो घेतला नाही. उलट पाचही जणींना जेवायलाच यायचं आमंत्रण दिलं.

पंगत बसली होती, तेव्हा बिल्लेवाल्या बाई शोधत शोधत खाली आल्या.

“परीक्षकांनी पहिला नंबर तुमच्याच ग्रुपला दिला होता,” त्या उज्वलाबाईंना म्हणाल्या. “पण स्पर्धा महिलांची आहे. स्टेजवर पुरुष आला, म्हणून बाद करावं लागलं.”

उज्वलाबाईंनी हातातली जिलबी पानात ठेवली. “बघा. तुमच्यामुळं.”

“माझ्यामुळं? अगं, मी बोलवायला आलो होतो!”

“गाणं संपंस्तोवर दम धरवला नाय?” अक्काबाई म्हणाल्या.

खंडेरावांनी आधारासाठी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही वरणात भात कालवत हळूच म्हणाले, “थोडंच राहिलं होतं म्हणतात.”

परतताना जीपमध्ये चौघीजणी खंडेरावांकडे पाठ करून बसल्या. सिन्नरचे दिवे दिसू लागले तेव्हा मयूरने घसा खाकरला.

“बाबा, रागवू नका. मीना विचारत होती... तुम्ही आधी कुठल्या फडात होता का?”