दोन इंच खाली, तीन अंश आत

माणूस मोठा झाला की त्याचे पाय जमिनीवर राहत नाहीत आणि गाडी खाली आणली की तिचे पाय फाकतात. पहिल्या विकारावर अजून औषध निघालेलं नाही. दुसऱ्यावर आमचं मंडळ काम करत आहे.

‘बसकी गाडी हितचिंतक मंडळ’ हे त्याचं नाव आणि मी त्याचा चिटणीस. कंपनीने शेकडो इंजिनिअर राबवून गाडीची जी उंची ठरवलेली असते ती चुकीची आहे, हे आमच्या सभासदाला एका नजरेत कळतं. मग तो आखूड स्प्रिंगा घालून गाडी दोन इंच खाली आणतो. त्याने रुबाब येतो, गतिरोधक दिसला की घाम येतो, आणि मागची चाकं डोकी आत घालून, पाय बाहेर टाकून उभी राहतात. (ही शेवटची गोष्ट स्प्रिंगांच्या खोक्यावर छापत नाहीत.) या कलण्याला कँबर म्हणतात. कँबर फार झाला की टायर नुसतं आतल्या काठावर चालतं आणि तिथेच झिजतं, हे मंडळाला तत्त्वतः मान्य आहे. वाद आहे तो त्यावर उपाय म्हणून कुठला भाग बसवायचा याचा. हा वाद मिटला तर दर रविवारी सकाळी जायचं कुठे, असा प्रश्न आम्हा सर्वांनाच पडेल.

आमच्यात चार पंथ आहेत. वरच्या आर्मवाल्यांचं म्हणणं असं की चाकाला वरून धरणारा दांडा लांब करा, म्हणजे चाकाचं डोकं बाहेर येईल. खालच्या आर्मवाल्यांचं म्हणणं, खालचा दांडा आखूड करा, म्हणजे पाय आत येतील. (दोन्हींचा परिणाम एकच होतो, म्हणूनच ते एकमेकांशी बोलत नाहीत.) तिसरे बोल्टवाले. त्यांच्या मते एक तिरका बोल्ट फिरवला की चाक जरासं सरळ होतं आणि जरासं म्हणजे पुष्कळ झालं. अशा अल्पसंतुष्ट माणसांना मंडळात चहा देतात, पद देत नाहीत. चौथे शुद्धतावादी. ते म्हणतात, काहीही बसवू नका, फाकलेलं चाक हीच शोभा.

शिवाय प्रत्येक पंथात रबरवाले आणि लोखंडवाले असे दोन पोटभेद आहेत. सांध्यात रबर घातलं तर गाडी गप्प चालते, पण माप सरकतं. लोखंडी सांधा घातला तर माप सरकत नाही, पण गाडी दिवसभर कटकट करते. (विवाहित सभासद बहुतांशी रबराच्या बाजूने आहेत.) आणि कँबर सरळ केला की चाकांची तोंडं भलतीकडे वळतात, म्हणून त्यांच्यासाठी आणखी एक दांडा लागतो. त्याची चर्चा आम्ही पुढल्या वर्षासाठी राखून ठेवली आहे.

मंडळाचं कामकाज नि:पक्षपाती असतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. ज्याने एखादा भाग खरोखर बसवून घेतला आहे त्याला त्या भागावर मत देता येत नाही, कारण त्याचं मत अनुभवाने दूषित झालेलं असतं. या एका नियमामुळे आमच्या चर्चेची पातळी कायम उंच राहिली आहे. माझी स्वतःची गाडी गेल्या जनगणनेपासून जॅकवरच आहे, त्यामुळे टायरांची सर्वांत कमी झीज माझ्या नावावर आहे. मत्सर करणाऱ्यांनी खुशाल करावा.

आता लंबूचं प्रकरण. लंबू चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो आणि मंडळातली सर्वांत बसकी गाडी बाळगतो. स्वतः एवढा उंच की गाडीत शिरताना त्याची घडी घालावी लागते. पण ती गाडी रोज चालवतात त्या वहिनी, म्हणजे लंबूची बायको. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत. घरोघरी जाऊन, पडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवतात. जाताना मुलीला शाळेत सोडतात. मुलीला सगळे चिमणी म्हणतात. चिमणी मागच्या सीटवर बसते, डाव्या खिडकीशी, म्हणजे नेमकी त्या फाकलेल्या चाकाच्या डोक्यावर.

एका रविवारी वहिनी थेट बैठकीतच आल्या. बाईमाणूस आलं म्हणून दोघे उभे राहिले, बाकीच्यांना जागा जाण्याची भीती होती.

“भावजी,” त्या मला म्हणाल्या, “टाकीजवळचं उताराचं वळण आहे ना, तिथे गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं. मागे माझी पोर बसलेली असते. काय तो दांडा बसवायचा तो बसवा, नाहीतर गाडी होती तशी उंच करा. माझ्याकडे असा पेशंट आला ना, तर मी आधी त्याला सरळ उभं करते. त्याचे फोटो काढत बसत नाही.”

“अगं, चाललंय ना काम,” लंबू म्हणाला. “या महिन्यात नक्की.”

“कुठल्या महिन्यात?”

‘उंच करा’ हे शब्द मंडळात उच्चारत नाहीत. पण वहिनी नवख्या, म्हणून मी मनाचा मोठेपणा दाखवून त्यांचं मत वरच्या आर्मच्या बाजूने धरलं.

तक्रारीची दखल घेणं भाग होतं, म्हणून आम्ही रीतसर टायर-तपासणी केली. तपासणीची पद्धत ठरलेली आहे. गाडी स्वच्छ धुवायची, सावलीत लावायची, जमिनीवर पालथं पडायचं आणि बाहेरच्या बाजूने फोटो काढायचा. आतून कोणी काढत नाही. आत चिखल असतो, आणि आतून गाडी काही दिसण्यासारखी नसते. आठ जणांनी आठ फोटो काढले. टायरचा बाहेरचा काठ अगदी दुकानातून आणल्यासारखा होता, त्यावरचे रबराचे केससुद्धा शाबूत होते. असणारच, तो काठ रस्त्याला कधी लागलाच नव्हता. ‘टायर उत्तम, घाई नको’ असा एकमताने निर्णय झाला. लंबूने तो वहिनींना वाचून दाखवला. नंबर तपासणारा माणूस, पण चाकाच्या पलीकडे वाकून बघावं हे त्यालाही सुचलं नाही, आणि आम्हाला सुचतं असा आमचा दावाही नाही.

अखेर मंडळाने असाधारण वेग दाखवून लंबूच्या गाडीपुरतं मतदान ठेवलं. वहिनींची निकड लक्षात घेऊन ते रविवारची वाट न पाहता शाळेच्या दिवशी सकाळीच घेण्यात आलं. वरचा आर्म की खालचा? मतं समसमान पडली. निर्णायक मत खुद्द लंबूचं. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. आयुष्यात इतक्या लोकांनी त्याच्याकडे एकाच वेळी पाहिलेलं नसावं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो बंद केला. पुन्हा वाजला. “वहिनींचा आहे,” शेजारी बसलेला बोल्टवाला म्हणाला. लंबूने फोन टेबलावर पालथा घातला. तो तिथेच थरथरत राहिला आणि लंबू घसा साफ करून म्हणाला, “खालचा. लोखंडी सांध्यासकट.”

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि मी वरच्या आर्मचा माणूस आहे.

मग त्याने फोन सुलटा केला. वहिनींकडून एक फोटो आला होता. आमच्या मंडळाच्या इतिहासात आतल्या बाजूने काढलेला टायरचा हा पहिलाच फोटो. रबर नव्हतंच तिथे. तारा बाहेर आल्या होत्या, विस्कटलेल्या केसांसारख्या, आणि एका जागी टायर फाटून त्यात मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. मागे दुभाजकावर चढलेली गाडी दिसत होती. खाली एकच ओळ होती: ‘वळणावर फुटलं.’

लंबू उठला तशी खुर्ची आडवी झाली. चपला घालायलाही थांबला नाही, अनवाणीच जिन्यावरून धावत गेला. अध्यक्षांची परवानगी घेतली नाही. मला खरं तर वाईट वाटलं, त्याच्याबद्दलही वाटलं, पण शिस्त म्हणून काही असतंच की नाही?

फोटो मागे राहिला नव्हता, पण सर्वांनी तो नीट पाहिला होता. त्यामुळे चर्चेला जोर चढला. वरचे आर्मवाले म्हणाले, वरचा आर्म वेळेवर बसवला असता तर हे टळलं असतं. खालचे म्हणाले, आम्ही आत्ताच जिंकलो आहोत, आता आमच्यावर कसलं खापर फोडता? बोल्टवाल्यांनी बोल्टाने निदान थोडं कमी फुटलं असतं असं सुचवलं. शुद्धतावादी म्हणाले, दुभाजकावर चढलेली असताना गाडी कडेने काय देखणी दिसत होती! वाद हातघाईवर आला. अखेर दोन्ही आर्म एकत्र बसवून एक प्रयोग करावा आणि त्यासाठी कोणी तरी गाडी द्यावी, असं ठरलं. गाडी कोणी दिली नाही.

पुढच्या आठवड्यात मी लंबूच्या घरी गेलो. खाली त्याची गाडी उभी होती, ताठ, आणि मागची चाकं सरळ! मी वाकलो, चाकाच्या मागे डोकं घातलं, पण नवीन दांडा कुठलाच दिसेना. घाईघाईने जिना चढलो. दार वहिनींनी उघडलं.

“वहिनी, शेवटी काय बसवलंत? वरचा की खालचा?”

“जुन्या स्प्रिंगा,” त्या म्हणाल्या. “कंपनीच्या. एका सकाळीत झालं.”

“पण मग मंडळाचा निर्णय...”

त्या दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

“भावजी, चिमणी कशी आहे, हे नाही विचारलंत.”

मी म्हणालो, विचारणारच होतो. खरंच विचारणार होतो, फक्त ते दुसऱ्या क्रमांकावर होतं.

“हनुवटीला चार टाके पडले,” वहिनी म्हणाल्या. “ते भरतील. पण गाडीत बसायला अजून तयार होत नाही. तिचा बाबा रोज चालत शाळेत नेतो तिला.” आणि त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. त्याचं मला जास्त लागलं.

गाडीची उंची वाढल्यामुळे लंबूचं सभासदत्व नियमाप्रमाणे आपोआप रद्द झालं. मंडळात एक जागा रिकामी आहे. वाचकहो, टायर फुटल्यावर मी तुम्हाला आधी मतभेद सांगितले, मग प्रयोग सांगितला, मग सरळ झालेली चाकं दाखवली, आणि तुम्ही शांतपणे वाचत राहिलात. पोरीचं काय झालं, असं म्हणून कोणी मला मध्ये अडवलं नाही. त्या जागेसाठी तुमचं नाव मी सुचवलं आहे. तुमच्याकडे गाडी नसली तरी चालेल.