गुलबक्षी खूण

यशवंतरावांच्या चिखलीच्या वर्कशॉपमध्ये सगळी कामं कामगार करत, पण खूण मात्र यशवंतराव स्वतः करत. चाकणच्या एका कंपनीला ते गाडीचे ब्रॅकेट पुरवत. बोल्ट पक्का आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पुढे बोल्ट ढिला झाला, तर रेघ मधेच तुटलेली दिसते. एवढंच ते काम. पण ते करताना यशवंतरावांचा चेहरा असा गंभीर होई, की लेथवरचा बाळू आलेला खोकलासुद्धा दाबून धरी.

त्या दिवशी ऐन वेळी पिवळ्या रंगाचं पेन सुकलं. वार गुरुवार, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या सुट्टीचा. घाईच्या ऑर्डरसाठी वर्कशॉप चालू होतं, पण हार्डवेअरची दुकानं बंद आणि दारात टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत उभा. यशवंतरावांनी इकडे तिकडे पाहिलं. सून तनुजा ज्या टेबलावर बिलं करायची, त्यावर एक बुटकी बाटली होती. आत गुलबक्षी रंग, रंगात बारीक चमकी, आणि झाकणालाच ब्रश. ही वस्तू काय आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण अडला हरी! त्यांनी कामगारांकडे पाठ केली आणि सगळ्या लॉटवर गुलबक्षी रेघा ओढून टेम्पो वाटेला लावला.

तसं पाहिलं तर या बाटलीशी यशवंतरावांचं जुनं वैर होतं. तनुजा दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मैत्रिणी जमवायची. प्रत्येकीने तीन गोष्टी सांगायच्या. नुकतंच वाचलेलं आवडतं पुस्तक, नुकताच पाहिलेला आवडता सिनेमा आणि सध्या मनात भरलेला नेलपॉलिशचा रंग. नुसतं ऐकायला बसायचं नाही, असा कडक नियम होता. पहिल्याच शनिवारी यशवंतरावांनी निकाल दिला होता, "पुस्तकाचं समजलं. पिच्चरचंबी समजलं. पर नखं रंगवायचं काय सांगायचं आसतं माणसानं माणसाला? तसलं काय आसंल तर गच्चीवर. माझ्या बैठकीत न्हाई." तेव्हापासून त्या बायका वर्कशॉपवरच्याच घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसत. यशवंतरावांच्या पत्नी छबूबाई तेवढ्या दाराशी मेथी निवडत बसायच्या. मेथी निवडणाऱ्याला नियम लागू नव्हता.

तेव्हा या माणसाने सुनेला "तुझी बाटली मी वापरली" असं सांगणं शक्यच नव्हतं. तनुजाने बाटली दोन दिवस शोधली आणि नाद सोडला. पण यशवंतरावांच्या अंगठ्यावर त्या रंगाचा एक ठिपका राहिला होता. तो साबणाने गेला नाही, रॉकेलने गेला नाही. शेवटी त्यांनी अंगठ्याला चिंधी बांधली आणि "लागलं जरा" म्हणून सांगितलं. चिंधी सोडायची मनाई होती, म्हणून छबूबाई रोज वरूनच त्या धडधाकट अंगठ्यावर हळद भरू लागल्या, आणि यशवंतराव रोज नेमाने "आई गं" म्हणू लागले.

मग चाकणहून नागसेन साहेबांचा फोन आला. कंपनीतला माल पास करायचा की परत धाडायचा, हे त्यांच्या हाती होतं.

"यशवंतराव, मागच्या लॉटवर ती कसली रेघ मारलीत?"

यशवंतरावांनी चिंधीचा अंगठा मुठीत लपवला. "साहेब, ती जरा... खास मागवलीय."

"अहो, भारी आहे राव! लाईनवर टॉर्च मारला की चमकते. पिवळी तेलाने पुसली जायची, ही जागची हलत नाही. आमच्या वरच्यांना आवडलीय. सोमवारी मी पुढचा लॉट बघायला तुमच्याकडेच येतो. सगळ्यावर हीच खूण पाहिजे बरं का. वर्षाची ऑर्डर त्यावरच ठरणारेय."

"व्हय साहेब," यशवंतराव म्हणाले. मोठ्या माणसाला नाही म्हणायची सवय त्यांना नव्हती. फोन ठेवून त्यांनी कपाटामागे लपवलेली बाटली काढली आणि उलटी केली. तिच्यातून काहीही पडलं नाही.

वर्षाची ऑर्डर म्हणजे वर्कशॉपचा श्वास होता. ती गेली तर शेत विकून उभी केलेली मशिनं धूळ खात पडणार, आणि बाळूला दुसरीकडे बघ म्हणायची वेळ येणार. यशवंतरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला, कुलदीपला, रिकामी बाटली फडक्यात गुंडाळून दिली आणि कुणाला काही न बोलता चिंचवडला पाठवलं. कुलदीप संध्याकाळी परतला.

"आण्णा, कुठंच नाही. दुकानदार म्हणला, चिखलीत बायकांची कसली तरी बैठक असते. तिथं कुणीतरी हा रंग सांगितला न् सगळ्या येऊन उचलून घेऊन गेल्या."

"कुणी सांगितला?"

कुलदीप खाली बघत म्हणाला, "आपल्याच घरचीनं."

त्याने तसाच दिसणारा दुसरा रंग आणला होता. यशवंतरावांनी एका बोल्टवर रेघ ओढली, वाळू दिली आणि टॉर्च मारला. रेघ गप्प. चमकी नव्हतीच. नागसेन साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नसतं.

शनिवार उजाडला, दुपार झाली. गच्चीवर हसण्याचे आवाज सुरू झाले. यशवंतरावांनी डोक्याला टोपी घातली, आरशात पाहिलं आणि मयताला निघाल्यासारख्या चेहऱ्याने ते जिना चढले.

ते दिसताच हसणं थांबलं. रावेतहून आलेली सायली पाय आवरून बसली. शेजारच्या दुर्गाबाईंनी पदर सारखा केला.

"मामा, काही हवंय का?" तनुजाने विचारलं. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

यशवंतरावांनी अंगठ्याची चिंधी सोडली आणि अंगठा पुढे केला. हळदीच्या मधोमध गुलबक्षी ठिपका चमकत होता.

तनुजा बघतच राहिली. "म्हणजे माझी बाटली..."

"चाकणला गेली. बोल्टावर," यशवंतराव म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. फोन, सोमवार, ऑर्डर. शेवटी म्हणाले, "तुमच्यापैकी कुणाकडं आसंल तर द्या. म्या हात जोडतो."

सायली अदबीने म्हणाली, "काका, नियम आहे. इथं आलं की आधी तीन गोष्टी सांगाव्या लागतात."

"अगं सायली," तनुजा कुजबुजली.

"ऱ्हाऊ दे," यशवंतराव म्हणाले आणि टाकीला टेकून खाली बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "पुस्तक. ते मधमाश्या पाळणाऱ्या बाईचं. तनुजानं टेबलावर इसरलं व्हतं. लाईट गेली तवा वाचाय घेतलं. नवरा तिच्या पेट्या जाळाय निघतो तितवर वाचलं, न् हिनं ते वर नेलं. पुढं काय झालं त्या बाईचं?"

"वाचली ती," तनुजा हळू आवाजात म्हणाली. "पेट्या पण वाचल्या."

"बरं झालं." यशवंतरावांना खरंच बरं वाटलं. "पिच्चर. तो टपालवाल्या म्हाताऱ्याचा."

"तो तुम्ही कधी पाहिलात?"

"पाहिला न्हाई. मागच्या म्हैन्यात तुमी सांगत व्हता, तवा जिन्यात ऐकला. चांगला हाय. शेवटाला डोळ्यात पाणी आलं. रंग कोणता ते तुमाला म्हाईत हाय."

आता मात्र बायकांना हसावं की रडावं कळेना. पण मदत करायची म्हटलं, तरी बाटली हवी ना! सायलीची गावच्या बहिणीने नेली होती. दुर्गाबाईंच्या बाटलीत नातीने बाहुली, पलंग आणि मांजर रंगवलं होतं. बाकीच्यांच्या बाटल्या तळाला गेल्या होत्या. सायलीने मोबाईलवर शोधलं, तर घरपोच मिळत होती, पण बुधवारी. यशवंतराव टोपी उचलून उठू लागले.

तेवढ्यात दाराशी मेथीची जुडी खाली ठेवल्याचा आवाज झाला. छबूबाईंनी कमरेची पिशवी सोडली, आणि तिच्यातून तीच बाटली काढली. कोरी, सील न तोडलेली.

"तू कुनासाठी घेतलीस?" यशवंतरावांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"मग लावली का न्हाईस?"

छबूबाईंनी नवऱ्याकडे शांतपणे पाहिलं. "लगीन झाल्यावर जत्रंतनं अशीच एक आणली व्हती. तुमी चारचौघांत म्हणला, शेण काढायच्या हाताला रंग कशाला. तवापास्नं न्हाई लावली."

यशवंतरावांना ते आठवत नव्हतं. आणि आठवत नाही, याचीच त्यांना जास्त लाज वाटली. ते मान खाली घालून बसले.

"बाटली देते," छबूबाई म्हणाल्या. "पर आधी माझी नखं. मग तुमचं बोल्ट. आन् लावायची तुमीच. तुमचा हात सरळ चालतो."

दुर्गाबाईंनी तोंडाला पदर लावला. यशवंतरावांनी चष्मा लावला, बाटली उघडली आणि बायकोचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. तोच गंभीर चेहरा. खालून बाळू काहीतरी विचारायला जिना चढून आला, आणि समोरचा देखावा पाहून त्याने सवयीने खोकला दाबला. यशवंतरावांनी एकेक नख नीट रंगवलं. पण हाताची सवय जाते थोडीच? प्रत्येक नखावरून त्यांनी ब्रश तसाच खाली, बोटाच्या कातडीवर, सरळ रेघेत ओढला.

"आवो, बोटावर कशाला आणताय?" छबूबाई म्हणाल्या.

यशवंतराव दचकले. हातातल्या ब्रशकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "खूण हाय ती. सुटलं तर कळतं."

छबूबाईंनी बोटं उन्हात धरली. दुर्गाबाईंनी पुसायला कापूस पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतला. नंतरचे दोन दिवस त्यांनी एकाही भांड्याला हात लावला नाही. भांडी तनुजाने घासली, आणि कुरकुर न करता घासली.

उरलेली बाटली रविवारी बोल्टांना पुरली. सोमवारी नागसेन साहेब आले. यशवंतरावांनी त्यांना वर आपल्या बैठकीत बसवलं, आणि बाळूने लॉट तिथेच आणून मांडला. साहेबांनी टॉर्च काढून एकेक रेघ पाहिली. सगळ्या चमकल्या. ते मान डोलवत राहिले, आणि यशवंतरावांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात छबूबाई चहा घेऊन आल्या. साहेबांच्या हातातला टॉर्च चालूच होता. कप घेताना उजेड छबूबाईंच्या हातावर पडला आणि नखांवरून बोटांपर्यंत गेलेल्या रेघा लखलखल्या. साहेबांनी त्या पाहिल्या, मग ब्रॅकेट पाहिले, मग पुन्हा त्या पाहिल्या.

"यशवंतराव," त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "ही खूणही तुमच्याच हातची?"

"व्हय साहेब," यशवंतराव म्हणाले. "अजून सुटलं न्हाई."